नाशिकच्या चित्रकारांसाठी: ऑनलाइन कलादालनात आपलं काम कसं लावायचं

घाटावर बसून केलेलं जलरंगचित्र हातात घेतलं की छान दिसतं. त्याचाच फोटो ऑनलाइन कलादालनात लावला की कागद राखाडी, आकाश मळकं आणि नारोशंकराच्या देवळाचा कळस एका बाजूला कललेला दिसतो. चित्रात खोट नसते, फोटो काढताना घाई झालेली असते. ऑनलाइन बघणाऱ्याच्या हाती चित्राचा फोटो आणि त्याखालच्या चार ओळी एवढंच येतं, म्हणून या दोन गोष्टींना चित्राइतकाच वेळ द्या. खाली सगळ्या पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्यांदाच काम लावत असाल तर एक शनिवार-रविवार राखून ठेवा. आठ-दहा चित्रांना तेवढा वेळ सहज लागतो.

हाताशी काय हवं

- बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा फोन आणि तो घट्ट धरणारा ट्रायपॉड
- ड्रॉइंग बोर्ड, मास्किंग टेप, मऊ ब्रश
- तळहाताएवढा सपाट आरसा (कशासाठी, ते तिसऱ्या पायरीत)
- पांढऱ्या थर्माकोलची एक शीट, एक काळं कापड आणि एक कोरा पांढरा कागद
- सेंटीमीटरची मोजपट्टी
- वही: प्रत्येक चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि ते आता कुठे आहे याची नोंद
- स्वतःचा एक फोटो आणि शंभर शब्दांत ओळख
- चित्र विकायचं असेल तर पॅन आणि स्वतःच्या नावावरचं बँक खातं

१. आधी निवड, मग फोटो

नवखे कलाकार बहुतेकदा सगळंच लावतात. कॉलेजातली स्केचेस, मित्राच्या लग्नात दिलेलं पोर्ट्रेट, पाडव्याची रांगोळी, सगळं एका पानावर. बघणाऱ्याला मग तुमचा हात ओळखता येत नाही. आठ ते दहा कामं निवडा आणि त्यांत काहीतरी समान धागा ठेवा: एकच माध्यम, एकच विषय किंवा एकाच काळातलं काम. गोदाघाटाची दहा जलरंगचित्रं चालतील. पाच जलरंग, दोन मंडला, एक वारली आणि दोन पेन्सिल पोर्ट्रेट असं मिश्रण टाळा, किंवा त्याचे वेगवेगळे संच करा.

निवडताना स्वतःला एक प्रश्न विचारा: हे चित्र उद्या कुणी प्रत्यक्ष बघायला आलं, तर दाखवता येईल का? विकलेलं, हरवलेलं किंवा वाळवी लागलेलं चित्र लावायला हरकत नाही, मात्र तसं स्पष्ट लिहा.

२. चित्र फोटोसाठी तयार करा

फ्रेममधून काढता येत असेल तर काढाच. काचेत खिडकी, फोन आणि तुमचा शर्ट, सगळं दिसतं.

जलरंगाचा कागद वाकडा झाला असेल तर तो सपाट केल्याशिवाय फोटो काढू नका. वाकलेल्या कागदावर सावल्यांचे पट्टे पडतात आणि नंतर ते काढता येत नाहीत. चित्र उलटं करून मागची बाजू ओल्या स्पंजाने अगदी हलकी दमट करा, दोन स्वच्छ टिपकागदांमध्ये ठेवा, वर ड्रॉइंग बोर्ड आणि त्यावर जड पुस्तकं ठेवून २४ तास तसंच राहू द्या. पाणी कमी वापरा. जास्त झालं तर रंग खालच्या कागदावर उतरतो. ही युक्ती पोस्टर कलर, पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांना लावू नका.

धूळ मऊ ब्रशने झटका. पेस्टल आणि कोळशाला ब्रशही लावू नका, कागद उभा धरून मागून हलकी टिचकी मारा.

३. फोटो: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

उजेड

थेट ऊन नको. उन्हात कागदाचा प्रत्येक दाणा सावली टाकतो आणि पातळ वॉश (पाणीदार रंगाचा सलग हात) खरखरीत दिसतो. हवी ती उघड्यावरची सावली: गच्चीवर भिंतीच्या आडोशाला, सकाळी साधारण ९ ते ११ या वेळेत. जून ते सप्टेंबर नाशिकचं आभाळ बहुतेक भरलेलं असतं, आणि तो पसरलेला, मऊ उजेड फोटोसाठी फार चांगला. मात्र त्या हवेत कागद दमट होऊन पुन्हा फुगतो. म्हणून आधी सगळी मांडणी करा आणि चित्र शेवटच्या दहा मिनिटांतच बाहेर काढा.

गच्चीवर आजूबाजूला काय आहे तेही बघा. पावसाळ्यात बांधलेली निळी ताडपत्री डोक्यावर असेल तर चित्रावर निळी झाक येते. लाल फरशी आणि पिवळी भिंतही आपापला रंग चित्रावर टाकतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यात किंवा फ्लॅटमध्ये एकाच खिडकीचा उजेड असतो. तिथे चित्राची खिडकीकडची बाजू उजळ आणि पलीकडची काळवंडलेली येते. पलीकडच्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करा, उजेड परतून येतो. नीट झालं का हे तपासायला चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद लावून फोटो काढा. चारही कोपरे सारखेच दिसले पाहिजेत. घरातली ट्यूब आणि बल्ब बंद ठेवा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला तर चित्राचा अर्धा भाग गार आणि अर्धा गरम दिसतो, आणि तो दोष कुठल्याही ॲपने पूर्ण जात नाही.

रात्रीच काम करावं लागत असेल तर दोन सारखे एलईडी दिवे घ्या: ५००० ते ५५०० केल्विनचे (म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त. खोक्यावर हे आकडे छापलेले असतात. दोन्ही दिवे चित्राच्या दोन बाजूंना, ४५ अंशांत, सारख्याच अंतरावर ठेवा. तैलरंगावर किंवा वॉर्निशवर चकाकी आली तर दिवे आणखी बाजूला सरकवा आणि तुमच्या पाठीमागे काळं कापड टांगा. काचेतून काढणं भागच असेल तरी हेच काळं कापड कामी येतं.

आरशाची युक्ती

कळस कलतो, चौकट वर अरुंद आणि खाली रुंद येते, कारण फोन आणि चित्र समांतर नसतात. डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नका. चित्र बोर्डावर टेपने लावून उभं करा. बोर्डाच्या मधोमध, चित्राला खरचटणार नाही असा मधे कागद धरून, आरसा सपाट टेकवा. आता फोनच्या पडद्यावर बघा. आरशात फोनची लेन्स बरोबर पडद्याच्या मध्यभागी दिसली की फोन आणि चित्र समांतर झाले. लेन्स खाली दिसत असेल तर फोन वर बघतोय किंवा बोर्ड मागे झुकलाय, त्याप्रमाणे सरकवा. मग फोन आणि बोर्ड दोघांनाही न हलवता आरसा काढून घ्या आणि फोटो काढा. एकदा जमलं की त्याच मांडणीत दहाही चित्रं होतात.

फोनच्या सेटिंग

अल्ट्रावाइड लेन्स वापरू नका, कडा फुगतात. फोनला खरी २एक्स लेन्स असेल तर ती, नाहीतर मुख्य लेन्स. बोटांनी ताणून झूम करू नका. चित्राने चौकटीची साधारण ७० टक्के लांबी व्यापावी आणि चारही बाजूंना थोडी मोकळी जागा राहावी. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत लांब बाजू ४००० पिक्सेल असते, म्हणजे कापल्यावर चित्राला सुमारे २८०० पिक्सेल उरतात. ते पुरेसे आहेत.

फ्लॅश, एचडीआर, 'एआय सीन' आणि सगळे फिल्टर बंद. प्रो मोड असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ५० किंवा १००, आणि ३ सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

मळक्या आकाशाचं उत्तर एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोन किती उजेड आत घेतो त्यात आहे. समोर दिसेल ते सरासरी मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून फोन उजेड ठरवतो. जलरंगात कोरा कागद बराच सुटलेला असतो, तो फोनला फार उजळ वाटतो आणि फोन सगळंच काळवंडवतो. म्हणून जलरंगाला एक्स्पोजर +०.३ ते +०.७ पर्यंत वाढवा. गडद तैलचित्राला उलट −०.३ ते −०.७ करा. कागदाचा पांढरेपणा टिकला पाहिजे, पण त्याचा पोतही दिसला पाहिजे. पोत गेला तर एक्स्पोजर जास्त झालं.

प्रत्येक चित्राचे तीन फोटो काढा: पूर्ण चित्र, जवळून एक तुकडा (सही किंवा ब्रशचा फटकारा दिसेल असा), आणि एक भिंतीवर टांगलेलं, आकाराचा अंदाज यावा म्हणून.

ए४ पर्यंतची पेन्सिल आणि शाईची कामं सरळ स्कॅन करा, ३०० डीपीआयवर. तैलरंग, पेस्टल आणि कोळसा स्कॅनरच्या काचेवर कधीही ठेवू नका.

शिल्प, भांडी, रांगोळी

शिल्पाला समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून असे चार फोटो तरी हवेत. एकाच दिशेने उजेड ठेवा म्हणजे उठाव दिसतो. तांब्या-पितळेच्या कामात सगळी खोलीच उमटते. वस्तूभोवती पांढऱ्या मलमलचा तंबू करा, दिवे कापडाच्या बाहेरून लावा आणि कापडाच्या फटीतून फोटो काढा. ठोक्यांचे ठसे नीट दिसले तर घडवणाऱ्याचा हात कळतो, त्यांचा एक जवळून फोटो घ्याच.

रांगोळी सरळ वरून काढावी लागते, गच्चीवरून किंवा उंच घडीच्या शिडीवरून. गुढीपाडव्याच्या आधी गोदाघाटावर होते तशा महारांगोळीसारख्या सामूहिक कामात श्रेय एकट्याच्या नावावर लावू नका. संकल्पना कुणाची आणि रेखाटणारे कोण, हे लिहा.

४. फोटो सुधारा, चित्र सुधारू नका

सरळ करणं, कापणं, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची झाक काढणं) आणि उजेड, एवढंच करा. चित्र शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, पडदा आणि कागद ताडून बघा. फोनमधला 'नाइट' किंवा 'डोळ्यांना आराम' मोड आधी बंद करा, नाहीतर पडदाच पिवळा असतो आणि तुम्ही फोटो उगाच निळा करून बसता.

सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवण्याचा मोह आवरा. पडद्यावर भडक निळं दिसणारं पाणी घरी पोचल्यावर शांत राखाडी निघालं, तर घेणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं आणि ते योग्यच आहे. कागदाच्या कडा, पेन्सिलच्या रेघा, एखादा ओघळ, हे चित्राचा भाग आहेत. ते पुसू नका.

५. फाइल

दालनाचे स्वतःचे नियम असतील तर ते पाळा. नसतील तर जेपीईजी, लांब बाजू २००० ते २५०० पिक्सेल, एसआरजीबी (पडद्यांसाठीची सर्वसाधारण) रंगपद्धत, दर्जा ८५ च्या आसपास. ३०० डीपीआय की ७२, याने पडद्यावर काहीही फरक पडत नाही, तिथे पिक्सेलच मोजले जातात. छपाईला मात्र फरक पडतो: ए३ आकारात ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. म्हणून मूळ मोठी फाइल कायम वेगळी जपून ठेवा, आणि तीही दोन ठिकाणी.

चार चुका वारंवार होतात.

फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की तो आकुंचन पावतो आणि वॉशमध्ये चौकोनी ठिपके दिसतात. संयोजकांना पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात साठतात आणि काही ठिकाणी उघडतच नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सगळीकडे चालणारा प्रकार निवडा.

फाइलचं नाव 'आयएमजी' आणि पुढे आकडे असंच राहतं. आडनाव, चित्राचं नाव, वर्ष या क्रमाने, रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या.

फोटोत घराचं ठिकाण नोंदलेलं असतं. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करून मगच फोटो काढा. घरी ठेवलेल्या चित्रांचा पत्ता अनोळखी लोकांना द्यायचं कारण नाही.

६. माहितीपट्टी

गोदाघाटाची चित्रं नाशकात इतकी होतात की 'निसर्गचित्र', 'नाशिक घाट १', 'नाशिक घाट २' या नावांनी कुठलंच चित्र शोधता येत नाही. नेमकं लिहा. एक नमुना:

दुतोंड्या मारुती, पाणी छातीपर्यंत
जलरंग, ३०० जीएसएम कोल्ड प्रेस्ड कागद
३८ × ५६ सेंमी (हाफ इम्पीरियल)
२०२४, जागेवर रंगवलेलं
विनाफ्रेम, सही उजवीकडे खाली

या शीर्षकावरून नाशिककराला पूर कुठपर्यंत आला होता ते लगेच कळतं. बाहेरगावच्या वाचकासाठी खाली एक ओळ द्या: रामकुंडाजवळची ही मूर्ती किती बुडाली यावरून गोदावरीचा पूर मोजायची इथे रीत आहे. एवढ्या एका ओळीने चित्र बोलायला लागतं.

आकार लिहिताना आधी उंची, मग रुंदी, आणि तोही फक्त चित्राचा. माउंटसकट मोजला तर तसं लिहा. चित्र जागेवर केलं की फोटोवरून, तेही सांगा. दोन्हीत कमीपणा नाही, पण लपवणं बरं नव्हे. अंध वाचकांसाठी चित्राचं वर्णन लिहायची वेगळी जागा बहुतेक दालनांत असते. तिथे शीर्षक पुन्हा टाकू नका. चित्रात काय, कुठे आणि कोणत्या रंगात आहे ते दोन वाक्यांत लिहा.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या प्रदर्शनाच्या पत्रिकेतला मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतो, तो तसाच चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फोनच्या मराठी कीबोर्डवर पुन्हा टाइप करणं सगळ्यात लवकर होतं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या वारली चित्रकारांचं काम दुसरं कुणी लावत असेल तर चित्रकाराचं पूर्ण नाव आणि गाव आधी, लावणाऱ्याचं नाव नंतर. 'आदिवासी कला' एवढीच पाटी लावणं हा त्या कलाकारावर अन्याय आहे. आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशाच्या कलेला मिळणारं कायदेशीर नावसंरक्षण) आहे, त्यामुळे वारलीच्या धाटणीचं स्वतःचं काम असेल तर 'वारली शैलीवर आधारित' असंच म्हणा.

७. हक्क: लावण्याआधी तपासा

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्र तयार झालं की त्याचा हक्क आपोआप तुमचा होतो आणि तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. चित्र विकलं तरी कॉपीराइट विकला जात नाही, त्यासाठी वेगळा लेखी करार लागतो. तसा करार करताना मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

इथे बरेच जण अडखळतात ते पैसे घेऊन केलेल्या पोर्ट्रेटवर. वेगळा करार नसेल तर अशा पोर्ट्रेटचा पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा असतो. ते लावायचं तर त्यांची परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी.

इंटरनेटवरच्या कुणाच्या फोटोवरून हुबेहूब चित्र केलं असेल तर ते तुमचं म्हणून लावू नका. फोटोग्राफरची परवानगी लागते, नुसतं श्रेय देऊन भागत नाही.

घाटावरचे फोटो लावणाऱ्यांनी एक गोष्ट मनापासून पाळावी. रामकुंडावर दशक्रिया विधी चालू असतात, लोक स्नान करत असतात. माणूस ओळखू येत असेल तर विचारल्याशिवाय फोटो लावू नका. २०२७ च्या सिंहस्थात कॅमेरे वाढतील, तेव्हा याची गरज जास्तच भासेल.

दालनाच्या अटी वाचताना तीन गोष्टी शोधा: ते तुमचं चित्र छापून विकू शकतात का, दुसऱ्या कंपनीला देऊ शकतात का, आणि एआयला शिकवायला वापरू शकतात का. चित्र दाखवायला फक्त दाखवण्याचीच परवानगी लागते. त्यापलीकडे मागत असतील तर आधी विचारा.

वॉटरमार्क कोपऱ्यात लहान ठेवा. मधोमध मोठं नाव टाकलं तर चित्रच मरतं. लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास ठेवणं हे जास्त चांगलं संरक्षण आहे, कारण त्यातून मोठी, चांगली छपाई निघत नाही.

८. चढवा, मग फोनवर बघा

पहिलं चित्र सगळ्यात ताकदीचं ठेवा, छोट्या चौकोनात दिसतं तेच. दालनात छोटं चित्र आपोआप चौकोनी कापलं जातं, आडव्या निसर्गचित्राचा मुख्य भाग त्यात राहतो का ते तपासा. लावून झालं की दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. स्वतःच्या पडद्याची डोळ्यांना सवय झालेली असते.

किंमत लिहिणार असाल तर फ्रेम आणि पाठवणी धरून की सोडून, ते लिहा. प्रदर्शनात एक आणि ऑनलाइन दुसरी अशी किंमत ठेवू नका, लोक ताडून बघतात.

९. विचारणा, फसवणूक आणि पाठवणी

काम लावलं की चार दिवसांत मेसेज यायला लागतात. काही खरे असतात. 'मी सैन्यात आहे, लगेच दोन चित्रं हवीत, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असा मेसेज आला तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा' ही दुसरी चाल, आणि 'तुमचं चित्र एनएफटी (मालकीची डिजिटल नोंद) म्हणून मोठ्या किमतीला घेतो, आधी शुल्क भरा' ही तिसरी. पैसे आले का, ते बँकेच्या ॲपमध्ये स्वतः बघा, समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

खरी विक्री झाली की पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच चित्र बांधा. कागदावरचं चित्र बटर पेपरमध्ये, मग चित्रापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठ्या दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, मग प्लास्टिकमध्ये. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी आत टाका. काच पाठवू नका, चित्र विनाफ्रेम किंवा ॲक्रिलिक शीट लावून पाठवा. कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, किमान चार इंच व्यासाच्या नळीवर. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. जाड थराचं किंवा पूर्ण न वाळलेलं तैलचित्र गुंडाळूच नका. बांधण्याआधी चित्राचे चारही कोपरे आणि बांधल्यावर खोकं, असे फोटो काढून ठेवा. वाटेत नुकसान झालं तर तेवढाच पुरावा असतो.

चित्र पोचल्याचं कळलं की दालनातल्या नोंदीवर त्याच दिवशी 'विकलं' असं लिहा आणि वहीत घेणाऱ्याचं नाव, गाव, तारीख नोंदवा. पुढे मोठं प्रदर्शन करायची वेळ आली की हे चित्र महिनाभरासाठी परत मागायला तीच वही उघडावी लागते.